लागण कुठे झाली?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

२०२१ची दिवाळी नुकतीच झाली होती. हातकणंगल्यातल्या माझ्या ऑफिसात एक बाई आल्या. सोबत अकरावीतली मुलगी, हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद. नवरा रुग्णवाहिकेवर ड्रायव्हर होता. मालकाच्या दोन गाड्या आणि तीन ड्रायव्हर, गाड्या खासगी दवाखान्यांना भाड्याने. त्या वर्षी मे-जूनमध्ये राज्यात इतरत्र करोनाची दुसरी लाट ओसरू लागली होती, पण कोल्हापूर-सांगलीकडे ती हटायला तयार नव्हती. हा माणूस दिवसरात्र रोगी वाहत होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो गेला. वय ४० वर्षे.

बाई आल्या होत्या त्या पन्नास हजार रुपयांच्या सानुग्रह साहाय्याचा अर्ज भरायला. अर्जाचे काम झाले. उठताना त्यांनी विचारले, "वकीलसाहेब, माणूस कामावर असताना गेला. त्याचं मालकाकडनं काय मिळत न्हाई का?"

मी म्हणालो, "नाही हो. अपघाताला मिळतं. साथीच्या रोगाला भरपाई नसते."

त्या काही न बोलता गेल्या. मी दिलेले हे उत्तर चुकीचे होते, आणि ते चुकीचे का होते हे मला सव्वा वर्षाने कळले. आजचे बोलणे त्या चुकीभोवतीच आहे. मात्र त्यासाठी आधी शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागेल.

साथीत कामगार मेला तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न आपल्याकडे पहिल्यांदा ठसठशीतपणे पुढे आला तो १८९६च्या मुंबईच्या प्लेगात. पुढे आला म्हणजे लोकांच्या जगण्यात आला, कायद्यात नव्हे. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा केला. त्यात घरे तपासण्याचे, माणसे अडवण्याचे, आगगाडीतून उतरवण्याचे अधिकार होते. मेलेल्या माणसाच्या घरच्यांना काय द्यायचे, याबद्दल एक अक्षर नव्हते. गिरणगाव ओस पडू लागले, कामगार कोकणात, देशावर पळाले. मग गिरणीमालकांना नाक्यानाक्यावर माणसे शोधून जास्त रोजावर न्यावी लागली. भीतीला दर मिळाला. मरणाला मात्र मिळाला नाही.

पुढे अहमदाबादेत या दराला नावच पडले, 'प्लेग बोनस'. १९१७च्या साथीत कामगारांनी शहर सोडू नये म्हणून गिरणीमालकांनी पगारावर मोठा बोनस दिला आणि साथ ओसरताच तो काढून घ्यायचे ठरवले. त्यावरून १९१८च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये संप झाला, गांधीजींनी उपोषण केले आणि ३५ टक्के वाढीवर तो मिटला, हे आपण शाळेत शिकतो. त्या संपाच्या मुळाशी साथ होती, एवढेच शाळेत सांगायचे राहून जाते.

त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएंझा आला. १० जून १९१८ रोजी सात पोलीस शिपाई ताप येऊन रुग्णालयात दाखल झाले, त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. मग एका जहाज कंपनीची माणसे, मग पोर्ट ट्रस्टची, मग एका बँकेची, तार ऑफिसची, टांकसाळीची आणि महिनाअखेरीस रेचल ससून मिलमधली. ही यादी पुन्हा एकदा नजरेखालून घाला. ती गल्ल्यांची किंवा चाळींची यादी नाही, कामाच्या ठिकाणांची आहे. ताप हजेरीपटावरून चालत गेला. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ माणसे दगावली. देशभरातल्या मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, ती मुख्यतः या साथीमुळे.

तेव्हा मुंबईत एक वाद झाला. नगरपालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर म्हणत, हा रोग मे महिन्यात गोदीत लागलेल्या जहाजाच्या खलाशांनी आणला. सरकारची बाजू अशी की, खलाशांनाच तो मुंबईत लागला. लागण कुठे झाली? जहाजावर की धक्क्यावर? ज्याच्या हद्दीत झाली त्याच्यावर दोष. हा प्रश्न आपण पुढे पुन्हा ऐकणार आहोत, फक्त जहाजाऐवजी तिथे रुग्णवाहिका असेल.

त्या सात शिपायांसाठी, पोर्ट ट्रस्टच्या हमालांसाठी तेव्हा भरपाईचा कायदा नव्हता. १८५५चा प्राणघातक अपघातांचा एक कायदा होता, पण त्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागे, आणि तापाला चूक कुणाची चिकटवणार? कायदा आला तो ५ वर्षांनी. त्यामागे अनेक गोष्टी होत्या. जानेवारी १९१९च्या मुंबईच्या संपात लाखाहून अधिक गिरणी कामगार उतरले, त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली आणि १९२० साली आयटक निघाली. आपल्या कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे नारायण मल्हार जोशी तेव्हा मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांच्या बाजूने बसत होते. 'वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्ट', १९२३चा आठवा कायदा, १ जुलै १९२४ पासून लागू झाला. मालकाची चूक असो वा नसो, कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला की भरपाई, हे त्याचे सूत्र. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती.

पण रोगाचे काय? इथे एक इंग्लिश खटला सांगायलाच हवा, कारण आपल्या कायद्यातली एक खोच तिथून आली आहे. किडरमिन्स्टर गावच्या ब्रिंटन्स या गालिचे विणणाऱ्या कारखान्यात एक कामगार लोकर निवडत असे. लोकरीतला अँथ्रॅक्सचा जंतू त्याच्या डोळ्यात गेला आणि तो मेला. कंपनीचे म्हणणे, हा रोग आहे, अपघात नव्हे. १९०५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने बहुमताने ठरवले की जंतूचे डोळ्यात जाणे हाच अपघात आहे. पट्टा तुटून माणसाला लागतो, तसा जंतू लागला. यंत्र दिसते, जंतू दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

हे तर्कशास्त्र मला फार आवडते. मालकांना आणि सरकारला मात्र ते फारच मोकळे वाटले असावे. उद्या प्रत्येक तापाला कुणी अपघात म्हणेल! पुढच्याच वर्षी, १९०६ साली, ब्रिटनने कायद्यात रोगांची यादीच जोडली. यादीत असेल तर भरपाई. आपल्या १९२३च्या कायद्याने हीच वाट धरली. सुरुवातीच्या यादीत अँथ्रॅक्स, शिशाची विषबाधा, फॉस्फरसची विषबाधा असे मोजकेच रोग. बाकी कुठल्याही रोगासाठी कलम ३चे उपकलम ४: रोगाचा थेट संबंध एखाद्या विशिष्ट अपघाती इजेशी दाखवता आला तरच पैसे, एरवी नाही. इन्फ्लुएंझाने कोटी माणसे नेल्यावर ५ वर्षांत हा कायदा झाला, आणि यादीत इन्फ्लुएंझा नव्हता.

अँथ्रॅक्स मात्र होता, लोकर, केस, कातडी हाताळणाऱ्यांसाठी. आमच्या तालुक्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची मोठी यात्रा भरते, लांबलांबून धनगर येतात. लोकरीशी त्यांचे पिढ्यान्पिढ्यांचे नाते. पण स्वतःची मेंढरे राखणारा आणि स्वतः घोंगडे विणणारा कुणाचा नोकर नसतो, त्यामुळे यादीत रोग असून त्याचा त्यांना उपयोग नाही. कायद्याचे दार उघडे असते, पण ते दुसऱ्याच्या घराचे असते, असे कधी कधी होते.

शिवाय हातकणंगले तेव्हा कोल्हापूर संस्थानात. मिरजेहून कोल्हापूरला जाणारी रेल्वे १८९१ पासून आमच्या गावावरून जात होती, आणि तिच्याबरोबर माल आला, माणसे आली, साथीही आल्या. प्लेगात गावे सोडून माळावर झोपड्या घालून राहिल्याच्या आठवणी जुन्या घरांतून ऐकायला मिळत. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. म्हणजे कारखानदारी होती, कामगार होते. पण १९२३चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा, तो संस्थानच्या हद्दीवर थांबत असे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा कुठे तो अडसर गेला.

दरम्यान एक वेगळा विचार पुढे आला होता. आजार कामामुळे झाला की घरामुळे, हा वादच कशाला? कामगार आजारी पडला की त्याला औषध आणि पगाराचा काही भाग मिळावा, त्यासाठी मालकाने आणि कामगाराने दरमहा वर्गणी भरावी. प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ साली तसा अहवाल दिला. डॉ. आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्यातून १९४८चा राज्य विमा कायदा झाला, ज्याला आपण ईएसआय म्हणतो. करोनाच्या काळात त्याचा उपयोग झाला. विमा असलेला कामगार करोनाने गेला तर लागण कुठे झाली हे न विचारता सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के रक्कम वारसांना निवृत्तिवेतन म्हणून देण्याची योजना २०२१ साली आली. २४ मार्च २०२० पासूनच्या दोन वर्षांसाठी ती होती. अटी होत्या, पण तो एक प्रश्न नव्हता. मला ही योजना त्या काळातल्या सगळ्या मदतींत सर्वांत शहाणी वाटते.

अडचण एवढीच की ईएसआयला साधारणपणे १० माणसे लागतात. इचलकरंजीच्या यंत्रमागांची रचना ज्यांना माहीत आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. एका शेडमध्ये चार-सहा माणसे, ५२ पिकांवर मोजलेली मजुरी, हजेरीपुस्तक असले तर असले. हुपरीच्या चांदीकामात घराघरांत भट्टी. उसाच्या फडात तर मुकादमाची उचल हाच करार. आणि दोन गाड्यांच्या रुग्णवाहिका मालकाकडे तीन ड्रायव्हर.

रोगांच्या यादीकडे परत येऊ. माझ्या पिढीचे वकील कलम ३(४) पाठ करून बसले होते: रोगाला भरपाई नाही, इजेला आहे. मधूनमधून न्यायालये हे सैल करत. मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्यासमोर मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका रात्रपहारेकऱ्याच्या पत्नीचा दावा आला होता. पहारेकऱ्याला हृदयविकार आधीपासूनच होता आणि कामावर असताना छातीत कळ येऊन तो गेला. नोकरीमुळे मृत्यू लवकर ओढवला असेल, तर तेवढेही पुरे, असे उच्च न्यायालयाने म्हटले. पण ती हृदयविकाराची गोष्ट. संसर्गाला हे लावायला कुणी धजत नसे.

आणि इथेच माझी चूक झाली. १९८४ साली संसदेने कायद्याची तिसरी अनुसूची बदलली. 'अ' भागात पहिलीच नोंद घातली गेली: जिथे संसर्गाचा विशेष धोका आहे अशा कामात जडलेले संसर्गजन्य रोग. त्यापुढे कामे दिली आहेत. आरोग्यसेवेशी किंवा प्रयोगशाळेशी संबंध येणारे सर्व काम, जनावरांच्या दवाखान्याचे काम, जनावरे व त्यांची कलेवरे हाताळण्याचे काम, आणि शेवटी संसर्गाचा विशेष धोका असलेले इतर कोणतेही काम. 'ब' भागातल्या रोगांना सहा महिन्यांच्या सलग नोकरीची अट आहे, 'अ' भागाला तीही नाही. मुख्य म्हणजे, अशा कामात असा रोग झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत तो कामामुळेच झाला असे धरायचे. ओझे बाईच्या डोक्यावरून उतरून मालकाच्या डोक्यावर जाते.

१९८४! मी वकिलीची सनद घेतली तीच त्यानंतर. अनुसूची माझ्या कपाटातल्या पुस्तकात छापलेली होती. पण साथीचा रोग या नोंदीखाली आणण्याची वेळ माझ्यावर आली नव्हती आणि न लागणारे पान कुणी वाचत नाही. २०२३च्या जानेवारीत दुसऱ्याच एका प्रकरणासाठी, सिलिकोसिसची नोंद शोधताना, नजर त्या ओळीवर गेली. मी घड्याळ नाही पाहिले, कॅलेंडर पाहिले. दाव्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षे. हातात साडेचार महिने होते.

बाईंचा फोन लागेना. शेवटी मुलीच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांकरवी निरोप गेला. त्या आल्या तेव्हा मी आधी माफी मागितली. त्यांना माझी माफी फारशी कळली नाही. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. मालकाने पन्नास हजार रुपये रोख दिले होते आणि स्टॅम्पपेपरवर लिहून घेतले होते की यापुढे काही मागणार नाही. खाली अंगठा. "सही येते मला," त्या म्हणाल्या, "पण तेव्हा हात थरथरत हुता."

१९२३च्या कायद्यावर मी एरवी कितीही टीका केली, तरी एका कलमासाठी मी तो लिहिणाऱ्यांना दंडवत घालतो. मृत्यूची भरपाई मालकाने वारसांच्या हातात द्यायचीच नाही. ती आयुक्तांकडे जमा करायची आणि आयुक्तांनी वाटायची. परस्पर दिलेले पैसे, जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल सोडली, तर दिले असे धरले जात नाहीत. हक्क सोडल्याचा करारही रद्दबातल. शंभर वर्षांपूर्वी कुणाला तरी कळले होते की सुतकातल्या बाईपुढे कागद धरला जाईल. त्या अंगठ्याला काडीची किंमत नव्हती.

मग हिशेब. निम्मे मासिक वेतन गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक. ४० वर्षांना गुणक १८४.१७. पगार १२,००० होता, म्हणजे ६,००० गुणिले १८४.१७, बरोबर ११,०५,०२०. पगार रोखीत, त्यामुळे आकडा सिद्ध करणे हे वेगळेच दुखणे. ड्रायव्हर हा कायद्यातला 'कर्मचारी' आहे यात वाद नव्हता. कर्मचारी हा शब्द २०१० पासून आला, त्याआधी 'वर्कमन' होता.

कुणी विचारेल, सरकारच्या पन्नास लाखांचे काय? मार्च २०२०च्या अखेरीपासून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी केंद्राचे पन्नास लाखांचे विमाकवच होते, आशाताईंनाही ते लागू होते. २९ मे २०२० रोजी राज्यानेही करोना कामावरच्या कर्मचाऱ्यांसाठी तेवढीच तरतूद केली. बाईंनी केंद्राच्या योजनेत अर्ज केला होता, तो मंजूर झाला नाही. खासगी माणसांच्या बाबतीत त्यांची सेवा सरकारने मागून घेतलेली असली पाहिजे, अशी ती अट. याच मुद्द्यावर नवी मुंबईतल्या एका डॉक्टरांच्या पत्नीची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली फेटाळली होती. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळे सांगितले. त्या काळातले कायदे आणि आदेश पाहता डॉक्टरांच्या सेवा मागून घेतल्याच होत्या असे मानावे, आणि प्रत्येकाने करोनाच्या कामात मृत्यू आल्याचा पुरावा द्यावा. साडेपाच वर्षांनी. डॉक्टरांच्या घरच्यांना एवढा वेळ लागला, तर ड्रायव्हरच्या घरच्यांचे काय बोलावे!

इटलीत १७ मार्च २०२० रोजीच, म्हणजे साथीच्या पहिल्या महिन्यात, सरकारने हुकूम काढला की कामावर झालेली करोनाची लागण म्हणजे कामावरचा अपघात. १९०५च्या त्या लोकरीच्या खटल्यातला विचार, शंभराहून अधिक वर्षांनी, दुसऱ्या भाषेत. आपल्याकडे आता १९२३चा कायदा स्वतंत्र उरलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि त्यातल्या तिसऱ्या अनुसूचीत संसर्गजन्य रोगांची तीच नोंद आहे. आमचे प्रकरण आधीचे असल्याने जुन्या कायद्यानेच चालते आहे.

होय, ते चालू आहे. मार्च २०२३ मध्ये अर्ज दाखल झाला. मालकाने लेखी म्हणणे दिले की हा आमचा कायमचा माणूस नव्हता, लागेल तेव्हा येत असे. आणि दुसरे, साथ गावभर होती, लागण बाजारात झाली असेल, घरी झाली असेल. वाईट माणूस नाही तो. त्याच्याही एका गाडीचे हप्ते थकले होते, जुलै २०२१च्या पुरात दुसरी गाडी पाण्यात गेली. पण कायद्याने उलट सिद्ध करायचे ते त्याने.

उलटतपासणी झाली तेव्हा मी बाईंच्या बाजूला उभा होतो. समोरच्या वकिलांनी सौम्यपणे विचारले, "ताई, त्यांच्या आधी घरात कुणाला ताप, खोकला होता का?"

मला धास्ती वाटली. हा प्रश्न मी त्यांना आधी विचारला नव्हता. विचारायला हवा होता.

बाई म्हणाल्या, "घरात कुठनं साहेब? सतरा दिवस ते घरी आलेच न्हाईत. गाडीतच झोपत हुते. डबा मी फाटकाच्या खांबावर ठेवायची आणि लांब जाऊन उभी ऱ्हायची. मग ते येऊन घ्यायचे."

टंकलेखकाने विचारले, "सतरा की सत्तर?"

"सतरा," बाई म्हणाल्या. "डबं मोजल्यात मी."